मांडवीवरचा पोकर आणि पोकरचे निवेदक

टीव्हीवरच्या पोकरमध्ये बोलणारी माणसं मला खेळणाऱ्यांइतकीच महत्त्वाची वाटतात. मी स्वतः कोल्हापूर-सांगली भागात कुस्तीच्या मैदानात माईक धरतो. यात्रेचं मैदान, हलगीचा कडकडाट, चारी बाजूंनी माणूस. कुस्तीत जे काय घडायचं ते लाल मातीवर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडतं. पोकरमध्ये मात्र खरा ऐवज म्हणजे प्रत्येक खेळाडूचे स्वतःचे दोन पत्ते, आणि ते तळहाताखाली झाकलेले. खेळाडू टोपी डोळ्यांवर ओढून गप्प बसतात. अशा खेळाचं निवेदन कुणी तासन् तास करतं आणि लोक ते रात्र जागून ऐकतात, हे भाच्याने मला दाखवलं, तेव्हापासून हे काम चालतं कसं ते जवळून बघायचं मनात होतं.

भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि पोकर जीव लावून खेळतो. 2025च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा झाला, पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, त्यात ऑनलाइन पोकरही गेला. आता त्याच्यासारख्यांना खऱ्या टेबलावर बसायचं तर गोवा जवळचा. नोव्हेंबरअखेरीस मांडवीतल्या एका कॅसिनो जहाजावर स्पर्धा होती आणि तिचं प्रक्षेपणही होणार होतं. "मामा, ह्या वेळी चलाच. निवेदकांपैकी एक जण ओळखीचा आहे, मराठीच आहे," असं तो म्हणाला, आणि मी निघालो.

शुक्रवार

आजरा-आंबोलीमार्गे गाडीने गेलो. आंबोलीत सकाळी चांगलीच थंडी होती, सावंतवाडी सोडेपर्यंत स्वेटर डिकीत गेले. पणजीत इफ्फीची गर्दी. हा चित्रपट महोत्सव 2004 पासून दर वर्षी इथेच भरतो, आणि त्या आठवड्यात खोल्यांचे भाव दुप्पट सांगतात. आमची सोय पणजीच्या मळा भागात एका निवृत्त शिक्षकांच्या घरी झाली होती. फोंतेन्हास या जुन्या वस्तीतल्या रंगीत घरांच्या मागच्या अंगाला, मारुतीच्या टेकडीच्या पायथ्याशी घर. सर सत्तरीचे. मराठी शिकवण्यात हयात गेलेली, घरात नवप्रभा आणि गोमन्तक दोन्ही येतात.

काकींनी दुपारी सुंगटांचं हुमण, तळलेली इसवण, किसमूर आणि सोलकढी असं जेवण वाढलं. जेवताना सरांनी विचारलं, "जहाजावर जाणार म्हणता? आम्हां गोंयकारांना तिथे बंदी." खरंच आहे. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला जाता येत नाही. कामाला जाता येतं. सरांच्या शेजारचा मुलगा तिथे स्वयंपाकघरात आहे. सरांनी ती जहाजं काठावरून वर्षानुवर्षं पाहिली आहेत, आत पाऊल टाकलेलं नाही. "मग तुम्ही येऊन मला सांगा, आत काय असतं ते," ते म्हणाले. मला निवेदनाचं काम असं पहिल्याच जेवणात मिळालं.

जहाजंच का, हेही सरांनीच सांगितलं. गोव्याचा जुगारविषयक कायदा 1976चा. 1992च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आले आणि 1996च्या दुरुस्तीने पत्त्यांचे, टेबलावरचे खेळ पाण्यातल्या जहाजांवर चालू झाले. म्हणून खऱ्या पत्त्यांचा पोकर मांडवीच्या पात्रात. 2017 साली वर्ल्ड पोकर टूर ही जगभर दिसणारी मालिका भारतात आली तीही इथेच, डेल्टिन रॉयल जहाजावर.

संध्याकाळी बांदोडकर मार्गावरच्या धक्क्यावरून छोट्या बोटीत बसलो. काही मिनिटांत जहाज.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. वय 21 पूर्ण हवं आणि फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र मूळ स्वरूपात हवं. हाफ पँट, चप्पल घालून गेलात तर पुरुषांना बऱ्याच ठिकाणी परत पाठवतात. प्रवेशाचं तिकीट आणि स्पर्धेची प्रवेश फी या दोन वेगळ्या गोष्टी. तिकिटात बहुधा जेवण धरलेलं असतं, वाराप्रमाणे दर बदलतो, तेव्हा निघण्यापूर्वी विचारून घ्या. खेळाच्या दालनात फोटो काढू देत नाहीत.

खालच्या मजल्यावर रुलेटची चक्रं, गाणी, आरडाओरडा. भाचा तिथे एक क्षण थांबला नाही. जिना चढताना त्याने फरक सांगितला. एका शून्याच्या रुलेटमध्ये प्रत्येक पैजेवर सरासरी 2.7 टक्के जहाजाचे, तुम्ही कितीही हुशार असा. पोकरच्या स्पर्धेत जहाज तुमच्याविरुद्ध खेळतच नाही. प्रवेश फीतला थोडा भाग ते ठेवतं, उरलेला बक्षिसांत जातो. सगळ्यांना सारख्या चिप्स म्हणजे पैजेच्या चकत्या मिळतात, ठरावीक वेळाने सक्तीच्या पैजा म्हणजे ब्लाइंड वाढत जातात, ज्याच्या चिप्स संपल्या तो बाहेर.

पोकरच्या दालनात शिरल्यावर आधी कानाला वेगळेपण जाणवलं. गाणी नाहीत. पन्नासेक टेबलांवर माणसं बोटांनी चिप्स एकमेकींत सरकवत बसलेली, त्याचा एकसारखा किरकिर आवाज भरून राहिलेला. भाच्याच्या टेबलावर सुरतचे कापड व्यापारी, हैदराबादचा डॉक्टर, दिल्लीची वकील मुलगी आणि बेळगावचे पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ. पत्ते वाटणारी मुलगी दार्जिलिंगची. दर अर्ध्या तासाने वाटणारे बदलतात. विश्रांतीच्या वेळात तिने मला सांगितलं, की हात इतके भरून येतात की घरी गेल्यावर भांडं घासवत नाही. तिचं पत्ते पिसणं बघत मी बराच वेळ उभा होतो. पाण्यासारखे पत्ते जात होते.

रात्री एक वाजता दिवस संपला तेव्हा भाच्याकडे सरासरीपेक्षा जास्त चिप्स होत्या. आता त्याला थेट रविवारी बसायचं होतं.

शनिवार

सकाळी पणजीतल्या कॅफे ताटोत भाजी-पाव आणि मिरचीचं भजं. पातळ भाजी आणि सुकी भाजी मिसळून मागायची, हे सरांनी बजावून सांगितलं होतं. बाहेर पडलो आणि बेतीच्या फेरीत बसलो. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडच्या काठावरून सगळी जहाजं एका ओळीत दिसतात, वर अटल सेतू. दिवसाउजेडी दिवे नसताना ती जहाजं थकल्यासारखी वाटतात.

बेतीच्या धक्क्यावर बसून भाच्याकडून टीव्हीवरच्या पोकरची कुळकथा ऐकली. त्यातलं एक नाव मला सोडवत नाही: हेन्री ओरेन्स्टीन. पोलंडमधला ज्यू मुलगा, नाझींच्या छळछावण्यांतून वाचला, अमेरिकेत जाऊन खेळणी बनवू लागला. ट्रान्स्फॉर्मर्सची खेळणी अमेरिकेत आणण्यामागे तो होता. पोकरही जोरात खेळायचा, 1996 साली त्याने वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या पोकरच्या सर्वांत मोठ्या स्पर्धामालिकेतलं कडं, म्हणजे तिथल्या विजेत्याचा मान, जिंकलं. या माणसाला वाटलं, की टीव्हीवर पोकर कुणी बघत नाही याचं कारण प्रेक्षकाला झाकलेले पत्ते दिसत नाहीत. म्हणून टेबलातच खेळाडूचे पत्ते टिपणारा कॅमेरा बसवायची कल्पना त्याने काढली आणि 1995 साली पेटंट घेतलं. 2021 साली, 98व्या वर्षी तो गेला.

या कॅमेऱ्याआधीही वर्ल्ड सिरीज 1970 पासून लास व्हेगासमध्ये चालूच होती, पण बाहेरच्याला बघण्यासारखं त्यात थोडं होतं. 1999 साली इंग्लंडच्या चॅनल फोरवर लेट नाइट पोकर आला. टेबलात काच बसवलेली, खालून कॅमेरा. आणि 2003 साली दोन गोष्टी एकाच वर्षात घडल्या. वर्ल्ड पोकर टूर टीव्हीवर दिसू लागली, माइक सेक्स्टन आणि व्हिन्स व्हॅन पॅटन यांच्या निवेदनासह. आणि वर्ल्ड सिरीजचा मुख्य सामना ख्रिस मनीमेकर नावाच्या टेनेसीच्या हिशेबनिसाने जिंकला. 86 डॉलर भरून इंटरनेटवरची पात्रता फेरी खेळलेला माणूस 839 जणांत पहिला आला आणि 25 लाख डॉलर घेऊन गेला.

त्यातला एक डाव भाच्याने मला पूर्वीच दाखवला होता. शेवटी दोघेच उरलेले, समोर सॅम फार्हा, मुरलेला खेळाडू. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदाम सत्ती, जमलेलं काहीच नाही. फार्हाकडे टेबलावर उघडलेल्या सामाईक पत्त्याशी जुळून नव्व्यांची जोडी. मनीमेकरने होत्या नव्हत्या तेवढ्या चिप्स पुढे सरकवल्या आणि फार्हाने विचार करकरून पत्ते टाकून दिले. टेबलाशी बसलेल्यांना हे थापेचं नाटक होतं हे कळलं नाही. टीव्हीसमोरच्या प्रत्येकाला कळलं. लॉन मॅकइचर्न आणि नॉर्मन चॅड ही निवेदकांची जोडी त्या प्रक्षेपणामुळे घराघरांत पोचली. एक जण डाव सांगणारा, दुसरा त्यावर बोलणारा, ही जोडीची रीत पुढे सगळीकडे रुळली. आता बोलणाऱ्या जागेवर पुष्कळदा खेळाडूच असतात. मारिया हो, निक शुलमन हे दोघे टेबलावर जितके पक्के तितकेच माईकवरही.

भारतीय नावं आली की भाच्याचा आवाजच बदलतो. 2017 साली निपुण जावाने एकाच मोसमात दोन कडी जिंकली, त्यातलं एक आदित्य सुशांतच्या जोडीने. 2024 साली संतोष सुवर्णाने अडीच लाख डॉलर प्रवेश फीची स्पर्धा जिंकली, बक्षीस 54 लाख डॉलरच्या घरात. "आणि मामा, हे लोक ह्याच गोव्यात ह्याच टेबलांवर खेळलेत," तो म्हणाला.

दुपारनंतर त्या ओळखीच्या निवेदकाला भेटलो. डोंबिवलीचा, पस्तिशीचा. पूर्वी पूर्णवेळ खेळायचा, आता बोलतो. जहाजाच्या वरच्या मजल्यावर एका लहान केबिनमध्ये त्यांची बैठक. आत जाण्याआधी फोन बाहेर एका पेटीत ठेवावे लागले, घड्याळसुद्धा. ही सक्ती कशासाठी ते त्याने समजावलं. आता टेबलात काच नाही की कॅमेरा नाही. प्रत्येक पत्त्याच्या आत एक बारीक इलेक्ट्रॉनिक चिप असते, टेबलाच्या कापडाखाली प्रत्येकासमोर अँटेना. पत्ते समोर ठेवले की कोणते आहेत ते संगणकाला कळतं, पडद्यावर चित्र उमटतं आणि जिंकण्याची टक्केवारी आपोआप येते. ही माहिती त्याच वेळी टेबलापर्यंत पोचली तर स्पर्धाच बुडाली. म्हणून प्रक्षेपण मुद्दाम उशिराने दाखवतात. इथे तो उशीर पाऊण तासाचा होता. निवेदकही तेच पाऊण तास जुनं चित्र बघून बोलतात.

मागच्या खुर्चीवर गुपचूप बसून मी दोघांचं काम ऐकलं. निम्मी इंग्रजी, निम्मी हिंदी. एकदा त्यांच्या पडद्यावर काहीच चाललं नव्हतं, एक खेळाडू पत्त्यांकडे बघत बसला होता, आणि भिंतीपलीकडच्या दालनातून मोठा ओरडा आला. कुणीतरी सगळं लावलं होतं, कुणीतरी गेलं होतं. केबिनमधल्या दोघांच्या आवाजात तसूभर फरक पडला नाही. त्या ओरड्याचा डाव त्यांच्यापर्यंत पाऊण तासाने येणार होता आणि तोपर्यंत त्यांना तो माहीत नसल्यासारखं बोलायचं होतं. मैदानात माझ्या मागे काही झालं तर मी वळून बघतो. हे दोघे वळले नाहीत.

मध्यंतरात चहा पिताना मी त्याला विचारलं, की दोघांचे पत्ते दिसत असताना बोलायला अवघड काय? तो म्हणाला, "तेच अवघड आहे, काका. मला सगळं दिसतं म्हणून खेळाडू मूर्ख वाटायला लागतो. अरे, हा का पत्ते टाकतोय, जिंकलेला आहे की! पण त्याला कुठे माहितीये? माझं काम प्रेक्षकाला सगळं दाखवायचं, आणि खेळाडूला मात्र त्याला दिसत होतं तेवढ्यावरच जोखायचं." मी हे लिहून घेतलं. कुस्तीत काठावरचा प्रत्येक जण ओरडत असतो, की अरे ढाक लाव, अरे पट काढ. खालच्या पैलवानाला त्या क्षणी समोरच्याचा फक्त खांदा दिसत असतो. निवेदकाने काठावरच्यांसारखं बोलायचं नसतं, हे मला माझ्या गुरूंनी शिकवलं होतं, आणि मांडवीतल्या जहाजावर एका डोंबिवलीच्या मुलाने ते त्याच्या शब्दांत सांगितलं.

रात्री परतताना रस्त्याकडेच्या गाड्यावर रस ऑम्लेट खाल्लं. गरम कोंबडीच्या रश्शाखाली ऑम्लेट, वर कांदा, लिंबू, बरोबर पाव. पणजीत रात्री उशिरा भूक लागली तर याच्याइतकं चांगलं काही नाही.

रविवार

पहाटे सरांनी हाक मारली. रस्त्याने माणसांचे जथे चालले होते, बरेच अनवाणी. 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त, त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना म्हणजे प्रार्थना चालू. लांबलांबच्या गावांतून चालत येणारे लोक. काकी ओट्यावर पाण्याची कळशी घेऊन बसल्या होत्या, जो थांबेल त्याला पाणी. सर म्हणाले, आमच्याकडे दर वर्षीचं आहे हे. तासभर मीही पाणी दिलं.

दुपारी भाच्याबरोबर जहाजावर. उरलेल्या खेळाडूंतून प्रक्षेपणाच्या टेबलासाठी जी माणसं निवडली त्यात भाच्याचं नाव निघालं. ते टेबल दिव्यांच्या झोतात, भोवती दोरी. मी दोरीबाहेर उभा. सुरुवातीला तो हात कुठे ठेवू अशा विचारात दिसला, मग स्थिरावला.

रात्रीच्या जेवणाच्या सुमारास तो डाव आला. बेळगावचे ते पांढऱ्या दाढीचे गृहस्थ पुन्हा त्याच्याच टेबलावर होते. भाच्याने पैज वाढवली, त्यांनी ती स्वीकारली. मधे सगळ्यांना सामाईक असलेले पहिले तीन पत्ते उघडले: इस्पिक राणी, इस्पिक अठ्ठी, बदाम चौकी. भाच्याने लावलं, त्यांनी लावलं. चौथा चौकट नव्वी. पुन्हा तेच. पाचवा बदाम दुर्री. आणि त्या गृहस्थांनी शांतपणे सगळ्या चिप्स पुढे केल्या.

मला दोघांचे पत्ते माहीत नव्हते. मला दिसत होते ते भाच्याचे हात, गालावर चढलेला रंग, आणि समोरच्यांची एक बोटही न हलणारी बैठक. चार मिनिटं गेली असतील. दालनातली इतर टेबलं चालू होती पण इथल्या दोरीभोवती कुणी हलत नव्हतं. मग भाच्याने पत्ते मधे सरकवून दिले. गृहस्थांनी पत्ते न दाखवता चिप्स ओढून घेतल्या.

त्यानंतर दहाएक मिनिटांत भाचा गेला. उरलेल्या थोड्या चिप्स त्याने दश्शीच्या जोडीवर लावल्या, समोरच्याकडे एक्का-राजा. अशा वेळी जोडी सातांतून साधारण चार वेळा टिकते. चौथा पत्ता एक्का निघाला. त्याने सगळ्यांशी हात मिळवले, बक्षिसातला छोटा हिस्सा मिळाल्याची चिठ्ठी घेतली आणि आम्ही पहिल्या बोटीने निघालो. धक्क्यावर टॅक्सी लगेच मिळाली. वाटेत तो एकच विचारत होता, "मामा, त्यांच्याकडे गुलाम-दश्शी असणार ना? सरळ क्रम लागला असणार त्यांचा."

घरी सर ओसरीवर फोन उभा करून बसले होते. प्रक्षेपण बघत होते, कालपासून त्यांना त्याची गोडी लागली होती. आम्हाला बघून ते चकितच झाले. "अरे, तू इथे कसा? तू तर खेळतोयस!" पडद्यावर भाचा अजून टेबलावर होता, त्याच्यासमोर चिप्सचे ढीग होते, आणि तोच डाव सुरू होत होता.

आम्ही तिघे खाली बसलो. काकीही येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर भाच्याच्या नावाखाली चौकट एक्का आणि किलवर राणी. म्हणजे त्याच्याकडे राणीची जोडी, वर एक्का. आणि बेळगावच्या गृहस्थांकडे इस्पिक एक्का, इस्पिक पंजी. इस्पिकचा आणखी एक पत्ता आला असता तर पाच इस्पिक झाले असते, नाहीतर हातात काही नाही. पहिल्या तीन पत्त्यांनंतर जिंकण्याची टक्केवारी भाचा 62, ते 38. चौकट नव्वी पडल्यावर 80 आणि 20. दुर्री पडली आणि भाच्यापुढे 100 आला.

"मग हा सगळी रक्कम कशी लावतो?" सरांनी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. पडद्यावर भाचा विचार करत होता आणि ओसरीवर भाचा गुडघ्यावर हनुवटी टेकून ते बघत होता. निवेदक बोलत होते. दुसरा म्हणाला, की हा डाव याने सोडला तर फार मोठी थाप पचली. मग डोंबिवलीच्या मुलाचा आवाज. काही क्षण तो गप्प राहिला होता, हे मला जाणवलं. मग हिंदीतून त्याने सावकाश मांडणी केली: या खेळाडूला काय काय दिसतंय? समोरचा माणूस दोन दिवस फार थोडे डाव खेळलाय. तीनही वेळा तो मागे हटलेला नाही. गुलाम-दश्शी असेल तर क्रम लागलाय. अठ्ठीची किंवा चौकीची जोडी हातात असेल तर तिय्या. एका राणीच्या जोडीवर सगळी स्पर्धा पणाला लावायची का? पत्ते टाकले गेले तेव्हा तो म्हणाला, की त्याला दिसत होतं तेवढ्यावर हा निर्णय बरोबर आहे, आणि श्रेय द्यायचं ते समोरच्या गृहस्थांना, कारण दोन दिवस गप्प बसून कमावलेली पत त्यांनी या एका डावात खर्च केली.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरोबर बोलला तो." काकींनी त्याला हाताला धरून उठवलं, "आधी जेव रे बाबा." हुमण गरम करून ठेवलेलं होतं. तो दोनदा भात घेऊन जेवला, आणि मग स्वतःच उठून त्याने तो डाव सुरुवातीपासून पुन्हा लावला.

पोकर नव्याने बघायला लागणाऱ्यांना माझी सूचना: आधी जोडी, दोन जोड्या, तिय्या, क्रम, एकरंगी ही चढती भाजणी पाठ करा, मग एखादा डाव पडद्यावरचे झाकलेले पत्ते हाताने झाकून बघा. नंतर हात काढून पुन्हा बघा. निवेदक कोण चांगला हेही त्यातूनच कळतं. आणि ज्यांना खेळायचं आहे त्यांनी भाच्याचा नियम घ्यावा. त्याचं पोकरचं खातं वेगळं आहे, त्यात ठरलेली रक्कम, ती संपली की त्या वर्षी खेळ बंद. घरखर्चातला रुपया तो तिकडे नेत नाही. हे जमणार नसेल तर मांडवीच्या काठावरून दिवे बघा, तेही सुंदर दिसतात.

सोमवार

शेवटचं टेबल संध्याकाळी. बेळगावचे गृहस्थ तिथवर पोचले होते, आणि सांगली जिल्ह्यातला एक इंजिनिअर मुलगाही. दोरीशी माझ्या शेजारी साधी सुती साडी नेसलेल्या एक बाई उभ्या होत्या, हातात पिशवी. त्या मुलाची आई. मुलाने हौसेने आणलं होतं, पण खेळ त्यांना काही उमगत नव्हता. इथे दालनात निवेदन ऐकू येत नाही. "दादा, आता काय झालं हो?" त्यांनी विचारलं, आणि पुढचे तीन तास मी दबक्या आवाजात त्यांना पोकर सांगितला.

पत्ते मला दिसत नव्हते, तेव्हा जे दिसत होतं ते सांगत गेलो. आता तुमच्या मुलाने वाढवलं, मावशी. आता दिल्लीवाल्याने घड्याळाकडे बघितलं. ज्याने पत्ते दुसऱ्यांदा उचलून बघितले त्याला बहुतेक रंग आठवत नाहीये. माझं सुरू असताना मावशी मधेच म्हणाल्या, "पाय हलवतोय बघा."

टेबलाखाली मुलाची टाच हलत होती.

"म्हणजे काय, मावशी?"

"काही येत नसलं की हलवायचा. गणिताच्या पेपराला मागच्या खिडकीतनं बघितलंय मी."

त्या डावात मुलाने भरपूर चिप्स लावल्या होत्या. समोरच्याने पत्ते टाकले. मावशींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, बाकी काही बोलल्या नाहीत.

मुलगा तिसरा आला. पहिले आले बेळगावचे गृहस्थ, आणि शेवटच्या डावात त्यांच्याकडे खरोखरच तिय्या होता, हे त्यांनी उघडून दाखवलं. दालनात टाळ्या झाल्या. भाच्याने जाऊन त्यांना वाकून नमस्कार केला. ते त्याला म्हणाले, "काल तू चांगलं टाकलंस. मी तुझ्या जागी असतो तर मीही टाकलं असतं." डावातले पत्ते काय होते हे भाच्याने त्यांना विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. दोघांनाही आता ठाऊक होतं.

बक्षिसाबद्दल मावशींना एकच काळजी होती, पैसे पूर्ण मिळतात का. मिळत नाहीत. जिंकलेल्या रकमेतून 30 टक्के कर आधीच कापला जातो, बाकी हिशेब वर्षाच्या विवरणपत्रात. स्पर्धेची तयारी करताना हा आकडा लक्षात ठेवा, म्हणजे बक्षिसाचा फलक बघून डोळे दिपणार नाहीत. कर कापल्याचा कागद तिथेच मागून घ्या.

रात्री ओसरीवर प्रक्षेपण बघताना तो पाय हलवण्याचा डाव आला. मुलाच्या नावाखाली छक्की आणि तिर्री, वेगवेगळ्या रंगांच्या. हातात खरंच काही नव्हतं. निवेदक त्याच्या चेहऱ्याचं कौतुक करत होते, आणि चेहरा खरंच दगडासारखा होता. कॅमेरा टेबलाच्या वरचंच दाखवत होता. मी सरांना पायाची गोष्ट सांगितली, तर ते उठून काकींना सांगायला आत गेले.

मंगळवार

मावशी आणि त्यांचा मुलगा निपाणीपर्यंत आमच्या गाडीत आले. आंबोलीत चहाला थांबलो तेव्हा मावशींनी मुलाला पायाचं सांगितलं. तो आधी हसला, मग गंभीर झाला, मग खुर्चीवर बसून पाय जमिनीला घट्ट टेकवून दाखवू लागला. भाचा म्हणाला, "मावशी, माझंही काही दिसलं का हो?" त्यांनी त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं. "तू कान खाजवतोस," त्या म्हणाल्या, "पण कधी ते अजून कळलं नाही. एकदा नीट बघायला लागेल." पुढच्या स्पर्धेला त्यांनाही न्यायचं, असं त्या दोघांनी तिथेच ठरवून टाकलं, आणि मावशींनी तारीख विचारून घेतली, म्हणजे गावच्या यात्रेच्या आड येत नाही ना ते बघता येईल.